परीक्षा पहाटे चारची

श्रोतेहो, नमस्कार.

नवा सौर पथदिवा बसला की तो बघायला माणसं जमतात ती संध्याकाळी. अंधार पडतो, दिवा आपोआप लागतो, रस्ता लख्ख होतो, फोटो निघतात आणि काम फत्ते झालं असं सगळ्यांना वाटतं. पण संध्याकाळी बॅटरी भरलेली असते. त्या वेळी कुठलाही दिवा चांगलाच दिसतो! प्रश्न असतो पहाटे चारचा, आणि तोही तीन दिवस आभाळ भरून राहिल्यानंतरच्या पहाटे चारचा. गल्लीसाठी, वस्तीसाठी, बागेतल्या पायवाटेसाठी सौर दिवे निवडताना हाच प्रश्न धरून बसावं, असं मला वाटतं.

आधी एक गोष्ट सरळच सांगते. रस्त्यावर भरवशाची वीज असेल आणि खांबही उभे असतील, तर तिथे विजेवरचा साधा एलईडी दिवा बहुतेक वेळा सोयीचा पडतो. त्याला बॅटरी नाही, म्हणजे बॅटरी बदलणंही नाही. सौर दिवा शोभतो तो केबलसाठी लांबवर खणावं लागणार असेल तिथे, किंवा रात्रीची वीज बेभरवशाची असेल तिथे. केवळ सौर आहे म्हणून तो चांगला, असं धरून चालू नये.

आता खोक्यावरच्या वॅटबद्दल. बाजारात 'तीनशे वॅट' असं ठसठशीत छापलेले दिवे मिळतात आणि त्यांच्या डोक्यावरचं पॅनेल असतं वहीएवढं. इथे मोजपट्टी काढायची. भर उन्हात एक चौरस मीटर जागेवर साधारण हजार वॅट ऊर्जा पडते. आजचं चांगलं पॅनेल त्यातल्या पाचव्या हिश्श्याची, म्हणजे दोनशे वॅटच्या आसपास, वीज करतं. बेल प्रयोगशाळेने १९५४ साली सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट दाखवला, तेव्हा हे प्रमाण जेमतेम सहा टक्के होतं. त्या मानाने मजल मोठी आहे. पण वहीएवढं पॅनेल, समजा तीस सेंटीमीटर लांब आणि वीस रुंद, तरीही बाराच वॅट देणार. दिवसभरातलं तिरकं-सरळ ऊन गोळा करून त्याचे भर उन्हाचे चार तास धरले, तर हिशेब होतो अठ्ठेचाळीस वॅट-तासांचा. धूळ, उष्णता आणि बॅटरीत शिरताना-निघताना होणारी गळती वजा केली की उरतात पस्तीसच्या आसपास. बारा तासांच्या रात्रीवर ते वाटून टाका. हाती येतात तीन वॅट. खोक्यावर तीनशे, रात्रभर पुरणारे तीन!

तीन वॅटचा एलईडी दारातल्या पायरीला, फाटकाला पुरेसा असतो. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, फक्त त्याच्याकडून रस्ता उजळण्याची अपेक्षा करू नये. आणि दिवा पारखताना वॅटपेक्षा लुमेन विचारावेत. वॅट म्हणजे दिवा खातो किती, लुमेन म्हणजे देतो किती. चांगला एलईडी पथदिवा एका वॅटमागे सव्वाशे-दीडशे लुमेन देऊ शकतो, सुमार दिवा त्याच्या बराच खाली राहतो. सौर दिव्यात हा फरक दुपटीने जाणवतो, कारण वाया गेलेल्या प्रत्येक वॅटसाठी पॅनेलही वाढवावं लागतं आणि बॅटरीही.

गल्लीतल्या दिव्याचंच उदाहरण घेऊ. वीस वॅटचा दिवा बारा तास पूर्ण तेजाने जाळायचा तर रात्रीला दोनशे चाळीस वॅट-तास लागतात. मघाचाच हिशेब उलटा केला, की पॅनेल हवं पंचाऐंशी वॅटच्या घरात. ढगाळ दिवसांसाठी तीन रात्रींचा साठा ठेवायचा तर बॅटरी नऊशे वॅट-तासांची, कारण ती तळापर्यंत रिकामी करायची नसते. आता त्याच दिव्याला वर्दळीचे पाच तास पूर्ण तेज द्या आणि पुढचे सात तास चाळीस टक्के. गरज उतरते एकशे छप्पन्न वॅट-तासांवर. मग छप्पन्न वॅटचं पॅनेल चालतं आणि बॅटरी सहाशेच्या आत बसते. मध्यरात्रीनंतर सुनसान गल्लीत मंद दिवा तेवत राहिला तर बिघडत काहीच नाही, उलट तो पहाटेपर्यंत टिकतो. पायवाटेवर माणसाची चाहूल लागताच तेज वाढवणारा सेन्सरही उपयोगी पडतो. तो शरीराच्या उष्णतेतला फरक ओळखतो, म्हणून उंच खांबावरून किंवा हवा अंगाइतकीच तापलेली असताना थोडा गोंधळतो. वेगाने गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर मात्र त्याच्या भरवशावर राहू नये.

एक सावधगिरी. हे भर उन्हाचे चार तास मी उदाहरणादाखल धरले. तुमच्या ठिकाणचा आकडा घेताना वर्षाची सरासरी घेऊ नका, सर्वांत कमी उन्हाचा महिना घ्या. सरासरी ऊन दिव्याच्या काय कामाचं? तो विझतो तो वाईट आठवड्यातच.

बॅटरीत पूर्वी शिसं-आम्लाची जात चालायची. ती जड असते, आणि निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर लवकर मरते. आता लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावी. ती ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरली तरी हजारो वेळा भरता-रिकामी करता येते. पण उष्णता तिलाही सोसत नाही. म्हणून पॅनेल, दिवा आणि बॅटरी एकाच चपट्या पेटीत कोंबलेले दिवे मला फारसे आवडत नाहीत. तापलेल्या पॅनेलच्या पाठीला बॅटरी चिकटलेली असते, आणि दिव्याचं तोंड रस्त्याकडे फिरवलं की पॅनेलचं तोंडही त्याच दिशेला जातं, मग सूर्य कुठेही असो. बसवायला ते सोपे असतात, हे खरं. छोट्या पायवाटेला चालतील. रस्त्यासाठी पॅनेल वेगळं, दिवा वेगळा आणि बॅटरी सावलीत असलेली मांडणी बरी. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात आणखी एक गोष्ट पाहावी: शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज केली तर तिला इजा होते, तेव्हा तापमान बघून चार्जिंग थांबवणारी सोय हवी.

पॅनेलचं तोंड विषुववृत्ताकडे हवं आणि त्याला उतार हवा. उतारामुळे हिवाळ्यातलं खालून येणारं ऊन नीट मिळतं, शिवाय पाऊस धूळ धुऊन नेतो. सपाट पॅनेलवर धूळ साचते आणि पक्षीही आपला वाटा टाकून जातात. सावलीबाबत बारकाईने बघा. पॅनेलमधले घट साखळीसारखे जोडलेले असतात, त्यामुळे एका फांदीची सावली दोन-तीन घटांवर पडली तरी पॅनेलचा मोठा हिस्सा बसून जातो. आणि झाड वाढतं, हे नकाशा काढणाऱ्याला आठवत नाही. आणखी एक गंमत म्हणजे बऱ्याच दिव्यांत अंधार ओळखायचं काम पॅनेलच करतं. त्याची वीज थांबली की दिवा लागतो. शेजारच्या खांबावरचा झोत थेट त्या पॅनेलवर पडत असेल तर रात्र झाल्याचं त्याला कळतच नाही.

उजेडाबद्दल लोकांची समजूत असते, जितका झगझगीत तितका सुरक्षित. तसं होत नाही. एका खांबाखाली डोळे दिपवणारा उजेड आणि दोन खांबांच्या मध्ये काळोख, असं असेल तर डोळा त्या झगझगाटाला सरावतो आणि काळोखात उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. म्हणून दिव्याचं भिंग उजेड रस्त्याच्या लांबीला पसरवणारं आहे का, ते विचारा. खांबांतलं अंतर उंचीच्या तिप्पट-चौपटीपेक्षा फार वाढवू नका. उजेड खाली पडावा, कोणाच्या खिडकीत किंवा आकाशात जाऊ नये.

रंगही महत्त्वाचा. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळसर लेप देऊन पांढरा उजेड मिळवतात. त्या निळ्या एलईडीसाठीच अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण रात्रीच्या उजेडात निळा अंश जास्त असला की झोप बिघडते, कीटक ओढले जातात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये रस्त्यांसाठी तीन हजार केल्विन किंवा त्याखालचा उजेड सुचवला. वस्तीत तोच, थोडा पिवळसर उजेड घ्यावा. तोच दिवा थंड पांढऱ्या रंगात थोडे जास्त लुमेन देतो, म्हणून विक्रेते पांढरा पुढे करतात.

पाणी-धुळीपासून बचावासाठी आयपी ६५ किंवा ६६ हा दर्जा पाहा. खांबाचा पायाही हलक्यात घेऊ नका. वर पॅनेल बसलं की वाऱ्याचा जोर शिडावर लागावा तसा लागतो, त्यामुळे जुन्या बारीक खांबावर ते चढवण्याआधी अभियंत्याला विचारलेलं बरं.

उरली खरेदी. शक्य असेल तर सगळे दिवे एकदम घेऊ नका. दोन खांब बसवा आणि कमी उन्हाचा काळ त्यांच्यावरून जाऊ द्या. विक्रेत्याकडून दिव्याचे लुमेन, पॅनेलचे वॅट आणि बॅटरीचे वॅट-तास हे तिन्ही आकडे लेखी घ्या. बॅटरीचं चार्जिंग आणि दिव्याचं तेज सांभाळणारा कंट्रोलर बिघडला तर तो सुटा मिळेल का, बॅटरी काही वर्षांनी बदलताना त्याच मापाची दुसरी बसेल का, की पेटीच फेकावी लागेल, हेही करारात येऊ द्या. पॅनेल पुसायचं काम कोणाचं आणि बॅटरीचे पैसे कोणत्या खात्यातून निघणार, ते खांब उभे राहण्याआधी वस्तीच्या बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवा.

नमस्कार.