नवले पुलाचा उतार आणि न्यूट्रलमधली गाडी

नमस्कार. साताऱ्याकडून येणारा महामार्ग कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडला की नऱ्ह्यावरून थेट पुण्यातल्या नवले पुलापर्यंत उतरत जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये या उतारावर एका अवजड वाहनाने कित्येक गाड्यांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी तेथेच कंटेनरच्या धडकेत माणसे जिवंत जळाली. अशा प्रत्येक अपघातानंतर ‘ब्रेक निकामी झाले’ एवढेच आपण ऐकतो. ब्रेक मात्र बहुतेकदा आपोआप निकामी होत नाहीत.

डिझेल वाचवण्यासाठी काही चालक उताराला गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. मग गिअरमधून चाकांना होणारा इंजिनाचा अटकाव संपतो, भरलेल्या गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, लायनर (ब्रेकमधले घासून चाक थांबवणारे अस्तर) तापतात आणि तापलेल्या लायनरची पकड सुटत जाते. वेग ३० वरून ६० वर गेला, तर ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. खेदाची गोष्ट अशी, की ज्या डिझेलसाठी हे चालते, ते वाचतही नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनपुरवठा जवळजवळ थांबतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल जळतच राहते.

कारवाई हवीच, आणि ती रोज हवी. अपघातानंतरच्या आठवड्यापुरती नव्हे. परंतु कॅमेऱ्याला वेग दिसतो, गिअर दिसत नाही. शिवाय कॅमेऱ्यापुरता वेग कमी करून पुढे पुन्हा गाडी सोडून देणे अवघड नाही. म्हणून दोन कॅमेऱ्यांमधले अंतर किती वेळात कापले, यावरून सरासरी वेग मोजणे मला अधिक योग्य वाटते.

गिअरचा प्रश्न शिक्षणानेच सुटेल. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे जुने चालक शिकाऊंना सांगत आले आहेत. व्यावसायिक वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी होते. त्या वेळी भरलेली गाडी उतारावरून उतरवून दाखवण्याची परीक्षा घेता येईल.

आपल्यापैकी कोणाचा वाहतुकीचा व्यवसाय असेल, तर एक विनंती आहे. फेरीमागे किती डिझेल लागले, याचा हिशेब आपण चालकाकडे मागता. तो मागताना उताराला गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, हेही विचारा, आणि डिझेल थोडे जास्त लागले म्हणून त्याचे पैसे कापू नका.