एनडीपीएसमध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली, अपिलात काय पाहायचं?

नमस्कार. गांजाच्या केसमध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली, सत्र न्यायालयाने 10 वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख दंड सुनावला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "एनडीपीएस आहे, आता काही होत नाही." या एका वाक्यापायी कितीतरी घरं अपीलच करत नाहीत.

आधी मुदत. हायकोर्टात जायला 60 दिवस मिळतात. निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते. खासगी वकील परवडत नसेल तर जेल सुपरिंटेंडेंटमार्फत अपील पाठवता येतं. कैदेतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जमीन विकायला काढण्याआधी तिथे जा. दिवस उलटून गेले असतील तर कारण देऊन विलंब माफीचा अर्ज करता येतो.

आता मुख्य गोष्ट. अपिलात सहसा साक्षीदार पुन्हा बोलावत नाहीत. खालच्या कोर्टात जे नोंदलं गेलं, तेच न्यायमूर्ती तपासतात. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हा विचारा: वजन नेमकं कशाचं केलं?

(पडद्यावर: 20 किलो)

कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. समजा, पंचनाम्यात 21 किलो लिहिलंय, पण गोणीसकट तोललंय. 20 किलोच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण. मग किमान 10 वर्षं, आणि त्याखाली हायकोर्टालाही उतरता येत नाही. 20 च्या आत आलं की किमान शिक्षा उरत नाही, 10 वर्षं ही कमाल होते. साक्षी-पुराव्यात गोणीचं वजन कुठे आलंय का, हे ओळ न ओळ शोधा.

मग मुद्देमालाचा प्रवास. पंचनाम्यातलं सील, मालखान्याच्या रजिस्टरमधली नोंद आणि सीए रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा अहवाल), तिन्ही जुळतात का? नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे असतात, हे सुप्रीम कोर्टाने 2016 साली ठणकावलं. पण तेवढी एक चूक दाखवली की सुटका, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. केवळ त्यावर केस कोसळत नाही, असं त्याच कोर्टाने 2025 मध्ये म्हटलंय. तपास अधिकाऱ्यापुढची कबुली मात्र 2020 च्या तोफान सिंग निकालापासून पुरावा म्हणून चालत नाही.

अपील चालू असताना बाहेर येता येतं का? याच कायद्याच्या कलम 32अ ने शिक्षा स्थगितीचा दरवाजा बंद केला होता. 2000 साली दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने तो उघडला. कलम 37 च्या जामिनाच्या अटी कडक आहेत, तरी अर्ज कराच.

आणि निकालपत्रातली "दंड न भरल्यास" ही ओळ वाचा. गरिबाला त्यापायी आणखी वर्षं काढावी लागतात. एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ही तीन वर्षांची जादा कैद सहा महिन्यांवर आणली होती. दोषसिद्धी कायम राहिली तरी ही मागणी अपिलात वेगळी लिहून घ्या.