ऑरोविल : नसलेल्या जागेची लाल माती

ही माती बघा. आपल्या कोकणातल्यासारखीच लालभडक, पण हे पुदुच्चेरीजवळचं पठार आहे, आणि बरीचशी जमीन तमिळनाडूत येते. १९६८ साली इथं सावली शोधावी लागायची. हा वड, मधेमधे ताडाची झाडं, बस्. पाऊस आला की माती घळींतून वाहत थेट समुद्रात जायची.

आणि ऑरोविल हे शहर वसवायचं ठरलं ते इथंच.

२८ फेब्रुवारी १९६८. हे जुने फोटो त्याच दिवसाचे. १२४ देशांतून आणि भारतातल्या राज्यांतून मूठमूठ माती आली आणि ती या कमळाच्या कळीसारख्या कलशात टाकली. कल्पना अरविंदांच्या आश्रमातल्या माताजींची, म्हणजे मीरा अल्फासा यांची. शहर कुणा एकाच्या मालकीचं नाही, सगळ्या मानवजातीचं, आणि वस्ती ५० हजारांची!

आता कुणी असं काही बोललं की आपण काय म्हणतो? 'जाऊ दे रे, हे सगळं युटोपियन आहे.' म्हणजे थोडक्यात, खुळचट. त्यामागचा 'युटोपिया' हा शब्द १५१६ सालचा, थॉमस मोर नावाच्या इंग्रज माणसाने लॅटिन पुस्तकात एका काल्पनिक बेटाला दिलेलं नाव. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'नसलेली जागा', पण कानाला 'चांगली जागा' असंही ऐकू येतं, म्हणजे चक्क कोटी केलीये. आपल्याकडे संत रैदासांचा बेगमपुरा आहेच, दुःख नसलेलं शहर, जिथं कर नाही नि भीती नाही. पण बेगमपुऱ्याला कुणी खुळचट म्हणत नाही, का कोण जाणे.

हा सोनेरी गोल, मातृमंदिर, म्हणजे इथलं ध्यानाचं ठिकाण. सगळ्यांच्याच व्हिडिओत असतो, आम्हीही घेतलाय. १९७१ ला पायाभरणी, २००८ ला काम पूर्ण. झालं, आता परत मातीकडे.

कारण खरी गंमत या बांधांत आहे. हे जे गुडघाभर उंचीचे मातीचे उंचवटे दिसतायत ना झाडांखाली, ते उताराला आडवे घातलेत, म्हणजे पावसाचं पाणी धावत नाही, थांबतं, मुरतं. आधी बांध, मग खड्डे, मग रोपं, आणि शेळ्या खाऊ नयेत म्हणून कुंपण. पाणी बैलगाडीतून आणायचं. सुरुवातीला आकेशियासारखी पटकन वाढणारी झाडं लावली, त्यांच्या सावलीत मग इथली मूळची, सावकाश वाढणारी. सूर्यप्रकाश कसा गाळून येतोय बघा, हे जंगल माणसांनी हाताने उभं केलंय, आणि त्या हातांत आसपासच्या तमिळ गावांतल्या मजुरांचे हात खूप होते. जमीन नकाशावर मोकळी दिसायची, पण गावं आधीपासून होतीच.

५० हजार काही झाले नाहीत, आज तीन-साडेतीन हजार लोक राहतात. डिसेंबर २०२१ मध्ये मूळ आराखड्यातल्या गोल रस्त्यासाठी जेसीबी आले, झाडं पडली, तिथलेच लोक दोन बाजूंना उभे राहिले, प्रकरण हरित लवादातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

ही रोपवाटिका. सकाळचे साडेसात. मावशी काळ्या पिशव्यांत माती भरतायत, तीच लाल.