बर्नफूटचे माल्कम : एका खंडकरी घराण्याची हकीकत

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

महाबळेश्वरच्या मालकम पेठेला ज्याचे नाव मिळाले, तो जॉन माल्कम १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती स्वीकारणारा आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला अधिकारी होता, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. आपल्या इतिहासग्रंथांत साहेब थेट बोटीतून उतरतो. त्याला गाव नसते, आजोबा नसतात आणि डोक्यावर कर्ज तर मुळीच नसते.

माल्कमला हे सर्व होते. त्याचे गाव बर्नफूट, म्हणजे स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेलगत डम्फ्रीसशायरमध्ये, एस्क नदीच्या खोऱ्यातील मेंढ्यांच्या कुरणांचा मुलूख. आजोबा तिकडच्या चर्चचे धर्मोपदेशक. वडील जॉर्ज खंडाने घेतलेली जमीन करीत. जॉर्ज आणि मार्गारेट यांना दहा मुलगे व सात मुली झाल्या, आणि त्यातच सट्ट्याच्या व्यवहारात जॉर्ज १७८० च्या सुमारास पुरते बुडाले. आपल्याकडे अशा घरात भाऊबंदकी ठरलेली. तेथे मात्र जमीनच मालकीची नसल्यामुळे भांडायचे कशावरून, हा प्रश्न होता. (ही सोय आपल्याकडे कोणी सुचवू नये, ही विनंती.) मुलांना घराबाहेर काढण्याखेरीज उपाय नव्हता, आणि त्यासाठी शेजारच्या वेस्टरहॉलच्या जॉन्स्टन घराण्याचा वशिला कामी आला.

जॉनच्या शाळेची गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. वेस्टरकर्कच्या शाळेत कोणताही उपद्व्याप झाला, की आर्चिबाल्ड ग्रॅहम मास्तर चौकशी न करता म्हणत, ‘याच्या मुळाशी जॉकच असणार.’ १७८१ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, हा जॉक लंडनला कंपनीच्या संचालकांपुढे उभा राहिला. हैदरअली भेटला तर काय करशील, असे त्यांनी विचारले; तलवार उपसून त्याचे डोके उडवीन, असे पोराने सांगितले आणि त्याची निवड झाली. (हैदराला हे कळले असते तर त्यानेही नेमणूक दिली असती.) पुढे १८१५ मध्ये माल्कमने लिहिलेला इराणचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याने एक प्रत मास्तरांना पाठवली आणि मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर लिहिले, ‘याच्या मुळाशी जॉकच आहे.’ एवढी प्रदीर्घ गुरुदक्षिणा मी अन्यत्र पाहिलेली नाही.

त्याच खोऱ्यातील एका धनगराचा मुलगा टॉमस टेलफर्ड पुढे पूल आणि कालवे बांधणारा विख्यात अभियंता झाला. पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून तो विषय सोडतो. माल्कम बंधूंपैकी जॉन, जेम्स, पल्टनी आणि चार्ल्स या चौघांना ‘सर’ ही पदवी मिळाली. पल्टनीने सेंट हेलेनाच्या नौदल ठाण्याचे नेतृत्व नेपोलियन तेथे कैदेत असताना केले. चार्ल्स मुंबईच्या आरमाराचा प्रमुख झाला, तेव्हा गव्हर्नर जॉनच होता.

आता जो मुद्दा मांडण्याचे मी कबूल केले होते, तो थोडक्यात मांडतो. १८१८ च्या जूनमध्ये माल्कमने बाजीरावाला वर्षाला आठ लाखांचे निवृत्तिवेतन कबूल केले, आणि एवढ्या उदारपणाबद्दल गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज नाराज झाले. युद्ध लवकर मिटवण्याचा तो स्वस्त मार्ग होता, असे इतिहासकार म्हणतात, आणि ते खरे आहे. तरीही माझे मत असे, की बुडालेल्या घरातून आलेल्या माणसाला पराभूताच्या पोटापाण्याचा आणि मानाचा हिशेब निराळा दिसतो. १८५१ मध्ये बाजीराव वारल्यावर ते वेतन नानासाहेबांना नाकारणारा डलहौसीही स्कॉटिशच, पण तो किल्ल्यात जन्मलेला उमराव होता. वेतन हयातीपुरतेच होते, हा त्याचा युक्तिवाद कागदावर निराधार नव्हता. म्हणून केवळ कागद वाचून या दोघांमधला फरक हाती लागणार नाही, त्यासाठी बर्नफूटची खंडपट्टी आणि डलहौसीचा किल्ला शेजारी ठेवून पाहावे लागतील. वेळ संपली, प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारावेत.