लाल थर, व्होडका आणि शून्याचा हट्ट

तर मंडळी, विषय आहे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतलं नायट्रेट, फॉस्फेट (माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून साठणारी पोषकद्रव्यं) आणि वाळूवर पसरणारा तो किरमिजी, चिकट थर. गोड्या पाण्यातून इकडे आलेले लोक त्याला शेवाळ समजून घासत बसतात. ते सायनोबॅक्टेरिया आहेत, म्हणजे जीवाणू. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन भरला तो यांच्याच पूर्वजांनी, दोन-अडीच अब्ज वर्षांपूर्वी. ते तुमच्या टूथब्रशला घाबरतील?

यावर कोणीतरी हमखास सांगतं, व्होडका घाला. हसू नका, शास्त्र खरं आहे. इथेनॉल म्हणजे कार्बनचा खुराक. तो मिळाला की पाण्यातले जीवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट अंगात घेतात आणि स्किमर, म्हणजे बुडबुड्यांनी घाण वर आणणारं यंत्र, त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतो.

पण हे दादरच्या मध्यमवर्गीय घरात करून बघा! मी दुकानात म्हटलं, सर्वांत स्वस्त द्या, बिनवासाची, फ्लेवर नको. त्याने विचारलं, परमिट? आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. परवाना माणसाला मिळतो, माशांना नाही. घेतला मी माझ्या नावावर. बाटली टाकीखालच्या कपाटात, शेजारी सिरिंज. दिवाळीत आत्या आल्या. कपाट उघडलं, बाटली बघितली, सिरिंज बघितली. काहीच बोलल्या नाहीत, फक्त सौ.कडे करुणेने बघितलं. भाचा चार दिवस राहून गेला तेव्हा बाटलीची पातळी माझ्या हिशेबापेक्षा फार भराभर उतरली. टाकीत नायट्रेट मात्र होतं तेवढंच! शेवटी सौ. म्हणाली, व्हिनेगर चालत नाही का? चालतं. तेच काम करतं. पण व्हिनेगरच्या बाटलीला असे पाहुणे मिळत नाहीत.

आयोजकांची चिठ्ठी आली. दुसरी आहे म्हणे. पाचच मिनिटं उरलीत. बरं.

मुख्य मुद्दा असा, की नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायचा हट्ट सोडा. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम, एवढं राहू द्या. नायट्रेट शून्यावर गेलं आणि फॉस्फेट उरलं, तर हवेतला नायट्रोजन वापरू शकणाऱ्या सायनोबॅक्टेरियांचं फावतं. दोन्ही शून्य झाली तर डायनोफ्लॅजेलेट्स हे तपकिरी, चिकट थर करणारे एकपेशीय जीव येतात. ते याहून वाईट, कोरल फिकं पडतं ते वेगळंच. आणि लाल थर आधीच असेल तर व्होडका थांबवा, कधीकधी तीही त्यालाच पोसते. नसेल तर शंभर लिटरला रोज 0.1 मिलीपासून सुरू करा. पाणी दुधाळ झालं की बंद, कारण ऑक्सिजन घसरतो.

पाणी आरओ-डीआयचंच, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलं. टँकरचं नको. चौपाटीवरून कॅन भरून आणणाऱ्यांनी पावसाळ्यात खारेपणा मोजून बघावा, समुद्राच्या नेहमीच्या 35 च्या (हजार भाग पाण्यात 35 भाग मीठ) किती खाली आहे ते. फ्रोझन खाद्य वितळवून त्याचं पाणी फेकून द्या, त्यात फॉस्फेट असतं. खडकांनी शोषलेलं फॉस्फेट पुढे महिनोन्‌महिने सुटत राहतं, म्हणून आकडा लगेच हलला नाही तरी घाबरू नका. थर पाइपने ओढून काढा, जिथे पाणी साचून राहतं तिथे प्रवाह वाढवा. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक अगदी शेवटी, आणि सोबत हवेचा पंप हवाच: मेलेला थर कुजताना ऑक्सिजन खातो, आणि मूळ कारण तसंच असेल तर काही आठवड्यांत पुन्हा उगवतो.

नायट्रेट-फॉस्फेट मोजायचं टेस्ट किट कुठलं, ते बाहेर चहाला विचारा. इथे नाव घेतलं तर आपले दोन दुकानदार सभासद भांडतील.