आवक क्रमांक

(दृश्य : विद्यापीठाची प्रशासकीय इमारत, सकाळ. आवक खिडकीच्या आतील बाजूने तारखेचा शिक्का, अगदी जवळून.)

खिडकी उघडण्यापूर्वी इथले लिपिक एक छोटे काम न चुकता करतात. रबरी शिक्क्यातील तारखेचा पट्टा अंगठ्याने फिरवून ते कालचा आकडा मागे ढकलतात, आजचा पुढे आणतात, एका रद्दी कागदावर ठसा उमटवून पाहतात आणि मगच पहिला अर्ज हातात घेतात. अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात निळा ठसा उमटतो, त्याखाली पेनाने आवक क्रमांक लिहिला जातो आणि तोच क्रमांक नोंदवहीत चढतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने विद्यापीठाच्या साऱ्या कारभारात या ठशाइतके मोलाचे दुसरे काही नाही, अशी आमची खात्री या माहितीपटाचे चित्रीकरण करताना होत गेली.

(दृश्य : खिडकीबाहेरची रांग. निळी फाइल छातीशी धरलेली विद्यार्थिनी.)

रांगेत चौथ्या क्रमांकावर उभ्या असलेल्या या विद्यार्थिनीचे आणि तिच्या विद्यापीठाचे नाव तिच्याच विनंतीवरून आम्ही घेत नाही. तिने बारावी दुसऱ्या राज्याच्या मंडळातून केली, इथल्या एका संलग्न महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या पदवीला प्रवेश घेतला, तीन वर्षे वर्गात बसली, प्रात्यक्षिके केली, सहाही सत्रांच्या परीक्षा दिल्या, आणि शेवटच्या निकालाच्या दिवशी पडद्यावर गुणांच्या जागी तीन शब्द आले : पात्रतेअभावी निकाल राखीव.

प्रवेश आणि पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे बहुतेक घरांत अडचण उभी राहिल्यावरच कळते. महाविद्यालय प्रवेश देते. दुसऱ्या मंडळातून किंवा विद्यापीठातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र तो तात्पुरता असतो. त्याची गुणपत्रिका आणि स्थलांतर प्रमाणपत्र, ज्याला सगळे मायग्रेशनच म्हणतात, ही कागदपत्रे विद्यापीठाच्या पात्रता कक्षाने तपासून मान्य केली, की मग त्याची नोंदणी पक्की होते. या विद्यार्थिनीने आपले मायग्रेशन पहिल्याच वर्षी महाविद्यालयाच्या काउंटरवर दिले होते. घेणाऱ्याने ते घेतले, पण पोच दिली नाही आणि तिने मागितलीही नाही. अठरा वर्षांच्या मुलीला पोच मागायची असते हे शिकवणारा तास कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, आणि तो असायला हवा, असे आम्हाला मनापासून वाटते.

(दृश्य : मुंबई, फोर्ट. राजाबाई टॉवर, दीक्षान्त सभागृहाचे रंगीत काचांचे गवाक्ष, जिन्याचे दगडी कठडे.)

एक दार महाविद्यालयाचे, दुसरे विद्यापीठाचे, ही दोन दारांची व्यवस्था कुठून आली, हे समजून घेण्यासाठी आम्ही कॅमेरा घेऊन इथे आलो. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा हा मनोरा नव्हता आणि हे सभागृहही नव्हते. इतकेच काय, विद्यापीठाचे स्वतःचे वर्गही नव्हते. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे त्याच वर्षी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली. शिकवणे हे महाविद्यालयांचे काम, तर अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे विद्यापीठाचे, अशी ती वाटणी होती. पुढे विद्यापीठांत पदव्युत्तर विभाग आले, स्वायत्त महाविद्यालये आली, कायदे बदलत बदलत २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम आला, तरी संलग्नतेचा पाया तोच राहिला. आजही पदवीचा बहुसंख्य विद्यार्थी शिकतो एका दारात आणि त्याची नोंद राहते दुसऱ्या दारात. या दोन दारांमधले अंतर त्याचे कागद त्याच्यावाचून पार करतात आणि वाटेत हरवले तर त्याला कळतही नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी असलेला मॅट्रिक हा शब्दसुद्धा मुळात नोंदणीचाच आहे. मॅट्रिक्युला म्हणजे लॅटिन भाषेत नावांची नोंदवही. त्या परीक्षेत जो उत्तीर्ण होई, त्याचे नाव विद्यापीठाच्या वहीत चढण्यास तो पात्र ठरे. आज त्या वहीतील ओळीची जागा पीआरएन या कायम नोंदणी क्रमांकाने घेतली आहे, आणि २०२१ च्या विनियमांनी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाल्यापासून विद्यार्थ्याने मिळवलेल्या श्रेयांकांचे, म्हणजे क्रेडिट्सचे, खातेही त्याच्या जोडीला आले आहे.

(दृश्य : पुणे, डेक्कन कॉलेजची इमारत, व्हरांड्याच्या कमानींतून सरकणारा कॅमेरा.)

विद्यापीठाकडे केलेला अर्ज म्हणजे याचना, अशी समजूत ज्यांची आहे, त्यांच्यासाठी हा व्हरांडा. नाशिकमध्ये १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी इथे शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. गुणवत्ता असूनही केवळ स्त्री म्हणून त्यांना सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी पैसा उभा केला, त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या आणि कायद्याची बीसीएल (बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ) ही परीक्षा पुरुषांबरोबर बसून देण्याची परवानगी त्यांनी मागितली. नियमात तशी सोय नव्हती. १८९२ मध्ये विद्यापीठाने त्यांच्यापुरता खास ठराव केला आणि त्या परीक्षेला बसल्या. उत्तीर्ण होऊनही पदवी मात्र हाती आली नाही, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली ती १९२० साली, आणि सोराबजींना त्यांची पदवी १९२२ मध्ये मिळाली. एका विद्यार्थिनीच्या मागणीवर विद्यापीठाला ठराव करावा लागला, ही गोष्ट आमच्या मते प्रत्येक आवक खिडकीच्या वर लिहून लावावी इतकी महत्त्वाची आहे.

(दृश्य : पुन्हा प्रशासकीय इमारत. टेबलांची रांग, नस्त्यांचे गठ्ठे, पंचिंग मशीन, टॅग ओवणारी बोटे.)

शिक्का बसल्यावर अर्जाचे काय होते, हे विद्यार्थ्याला एरवी कधी पाहायला मिळत नाही. आम्हाला एक पूर्ण दिवस चित्रीकरणाची परवानगी मिळाली, म्हणून हा प्रवास सविस्तर दाखवत आहोत. आवक विभागातून अर्ज संबंधित कक्षात जातो. तिथला कनिष्ठ लिपिक त्या विषयाची नस्ती, म्हणजे फाइल, शोधतो, नसेल तर नवी उघडतो, अर्जाला भोके पाडून टॅग ओवतो. नस्तीच्या एका बाजूला पत्रव्यवहार लागतो आणि दुसऱ्या बाजूला टिपणी लिहिली जाते. अर्जदार कोण, मागणी काय, नियम काय सांगतो, पूर्वी अशा प्रकरणात काय निर्णय झाला आणि आता काय प्रस्तावित आहे, हे त्या टिपणीत क्रमाने यावे लागते. ही टिपणी वरिष्ठ लिपिकाच्या, कक्षाधिकाऱ्याच्या, सहायक कुलसचिवांच्या आणि विषय मोठा असेल तर उपकुलसचिव व कुलसचिवांच्या टेबलावर जाते. प्रत्येक जण खाली सही आणि तारीख टाकतो, शंका असेल तर शेरा मारून नस्ती खाली पाठवतो आणि तितक्याच पायऱ्या ती पुन्हा चढते.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. या टेबलांवर आम्हाला निष्काळजी माणसे दिसली नाहीत. सकाळपासून पाण्याची बाटलीसुद्धा न उघडता नस्त्या काढणाऱ्या या बाईंच्या समोरचा गठ्ठा संध्याकाळी जवळपास तेवढाच होता, हे कॅमेऱ्याने टिपले आहे. नियमाचा आधार दाखवल्याशिवाय टिपणी वर सरकत नाही, आणि विद्यार्थ्याच्या अर्जात आधारच नसेल, तर तो शोधण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसतो.

(दृश्य : टेबलावर शेजारी-शेजारी ठेवलेले दोन अर्ज. कॅमेरा ओळींवरून सावकाश फिरतो.)

म्हणूनच हे दोन अर्ज नीट पाहावेत. डावीकडचा तिने निकालाच्या दुसऱ्या दिवशी लिहिला. त्यात घरची परिस्थिती आहे, वडिलांचे आजारपण आहे, तीन वर्षांची मेहनत आहे आणि शेवटी 'तरी कृपया माझा विचार व्हावा' असे आहे. यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण पीआरएन नाही, आसन क्रमांक नाही, आणि कोणत्या अधिकाऱ्याने नेमके काय करावे हेही नाही. हा अर्ज तिने खिडकीवर न देता ओळखीच्या एका कर्मचाऱ्याच्या हाती दिला, त्यामुळे त्यावर ना शिक्का आहे ना क्रमांक. पुढचे तीन आठवडे तिला तोंडी उत्तर मिळत राहिले : 'बघतो, पुढच्या आठवड्यात या.'

उजवीकडचा अर्ज तिने महाविद्यालयातील एका प्राध्यापिकेच्या मदतीने लिहिला. विषय एका ओळीत आहे : पात्रता निश्चित करून सहाव्या सत्राचा राखीव निकाल जाहीर करण्याबाबत. संदर्भात पीआरएन, आसन क्रमांक आणि पहिल्या वर्षी भरलेल्या पात्रता शुल्काच्या पावतीचा क्रमांक आहे. मूळ प्रमाणपत्र महाविद्यालयात दिले होते, ते सापडत नसल्याने मंडळाकडून दुय्यम प्रत मागवून सोबत जोडली आहे, असे दोन वाक्यांत सांगितले आहे. जोडलेल्या कागदांना अनुक्रमांक आहेत. शेवटची ओळ अशी : 'मागणी मान्य करता येत नसल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत, ही विनंती.'

हा माहितीपट खरे तर या शेवटच्या ओळीसाठीच केला आहे. तोंडी नकाराला तारीख नसते, त्यावर सही नसते आणि त्याविरुद्ध कुठे दादही मागता येत नाही. कारणांसह दिलेला लेखी नकार विद्यार्थ्याला पुढच्या पायरीवर उभा करतो. म्हणून प्रत्येक विद्यापीठाने प्रत्येक अर्जाला लेखी उत्तर दिलेच पाहिजे, अशी आमची स्पष्ट भूमिका आहे.

(दृश्य : विद्यार्थी तक्रार निवारण समितीचा सूचना फलक, संगणकावर तक्रार भरणारे हात.)

ती पुढची पायरी कागदावर आज नक्कीच उपलब्ध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ एप्रिल २०२३ रोजी विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे विनियम अधिसूचित केले. कागदपत्रे परत न करणे, परीक्षा किंवा निकालाला ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर करणे, नियमबाह्य शुल्क मागणे अशा बाबी त्यात तक्रारीचा विषय मानल्या आहेत. ऑनलाइन आलेली तक्रार संस्थेने १५ दिवसांत आपल्या अभिप्रायासह समितीकडे द्यायची असते. विद्यार्थी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत बाजू मांडू शकतो, आणि समितीने शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल देऊन त्याची प्रत विद्यार्थ्याला द्यावी, असे विनियम सांगतात. निर्णय पटला नाही, तर १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते; लोकपाल म्हणून निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश नेमले जातात आणि त्यांनी ३० दिवसांत निकाल द्यावा, अशी अपेक्षा आहे. या सगळ्या मुदती कोणत्या ना कोणत्या कागदावरच्या तारखेपासून मोजल्या जातात. ज्याच्यापाशी शिक्का नाही, त्याचा पहिला दिवस कधी उजाडतच नाही.

(दृश्य : शेजारची खिडकी. उत्तरपत्रिकांच्या छायाप्रतींचे पाकीट उघडणारा विद्यार्थी.)

याच मजल्यावर छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाचे अर्ज घेतले जातात. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखालील माहिती आहे आणि ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये स्पष्ट केले. आपल्या अर्जाच्या नस्तीतील टिपणीसुद्धा १० रुपयांचा माहिती अर्ज करून मागता येते, आणि त्या अर्जाचे उत्तर ३० दिवसांत यावे लागते. मूळ प्रमाणपत्रांबाबत आयोगाची २०१८ ची सूचनाही लक्षात ठेवावी : प्रवेशाच्या वेळी मूळ कागद पडताळून लगेच परत करायचे आहेत, ते संस्थेने आपल्याकडे अडकवून ठेवायचे नाहीत.

(दृश्य : बंद दार, बाहेर बाकावर विद्यार्थिनी आणि तिची आई. दीर्घ स्थिर चौकट.)

या विद्यार्थिनीचे प्रकरण तक्रार निवारण समितीपुढे गेले. त्या बैठकीत चित्रीकरणास परवानगी नव्हती. समितीने तिची पात्रता मान्य करण्याची शिफारस केली आणि निकाल जाहीर झाला. तोपर्यंत पदव्युत्तर प्रवेशाची शेवटची तारीख उलटून गेली होती आणि ते वर्ष तिच्या हातून गेले.

(निवेदन थांबते. फक्त व्हरांड्यातला पंखा आणि पावलांचा आवाज.)

(दृश्य : तीच आवक खिडकी, पुढच्या वर्षीचा जून.)

आता ती दुसऱ्या विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेश घेत आहे, म्हणजे पुन्हा स्थलांतर प्रमाणपत्र आणि पुन्हा पात्रता. यावेळी तिने अर्जाच्या दोन प्रती आणल्या आहेत. लिपिक एक प्रत आत घेतात आणि दुसरीवर शिक्का मारतात. ठसा अर्धवट उमटतो, वर्षाचा आकडा पुसट येतो. ती प्रत खिडकीतून परत आत सरकवते आणि पुन्हा मारून देण्याची विनंती करते. लिपिक शिक्का शाईच्या पॅडवर दोनदा दाबतात आणि कागदावर जरा जोर देऊन ठेवतात. खाली क्रमांक लिहितात. तारीख नीट वाचता येते की नाही हे ती उजेडाकडे धरून पाहते, मोबाइलने त्याचे छायाचित्र घेते आणि मागच्या मुलाला जागा करून देते.