गोळ्या बुडवल्या नव्हत्या, तरीही

नमस्कार श्रोतेहो. आज टीबीबद्दल बोलायचंय, म्हणजे त्या जंतूच्या वंशाबद्दलच म्हणा ना, कारण औषधाला दाद न देणारा टीबी निघाला की घरचे, शेजारचे, सगळे एकच म्हणतात, "गोळ्या बुडवल्या असणार." मला हे ऐकून फार वाईट वाटतं. म्हणून आज टुगेला फेरीची गोष्ट सांगते.

दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतातलं हे गाव. २००५-०६ च्या सुमाराला तिथे ५३ पेशंट सापडले, ज्यांना आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन ही टीबीची दोन मुख्य औषधं तर सोडाच, पुढची राखीव औषधंही लागू पडेनात, यालाच म्हणतात एक्सडीआर टीबी. ५३ पैकी ५२ गेले. थुंकी तपासायला दिली आणि त्यातले निम्मे १६ दिवसांच्या आसपास संपलेसुद्धा. ज्यांची एचआयव्हीची टेस्ट झाली होती ते सगळे पॉझिटिव्ह. आणि निम्म्याहून जास्त लोकांनी आधी टीबीची एकही गोळी घेतलेली नव्हती, मग बुडवणार काय?

आता जंतूकडे बघा. लॅबमध्ये अंड्यापासून केलेल्या हिरव्या माध्यमावर तो वाढवतात, काही आठवड्यांनी बाटलीत फुलकोबीच्या तुऱ्यासारखे पिवळट, खरखरीत ठिपके दिसतात. इतका सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला जवळजवळ दिवस. बाकीचे बरेच जंतू एकमेकांकडून जनुकं उसनी घेतात, हा घेत नाही. याला बदल मिळतो तो स्वतःच्या जनुकांची नक्कल करताना झालेल्या चुकीतून, त्याच्या ४४ लाख अक्षरांतलं एखादं चुकतं, बस्स. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू ढोबळमानाने १० लाखांत एक, रिफॅम्पिसिनला न जुमानणारा १० कोटींत एक, आणि फुफ्फुसात पोकळी झालेल्या पेशंटमध्ये १० कोटी जंतू सहज असतात! म्हणून एकच औषध दिलं की तो एकटा उरतो आणि मोकळं रान मिळून वाढतो, चार औषधं एकदम देतात ती याचसाठी.

पुढे क्वाझुलू-नातालच्या जुन्या-नव्या नमुन्यांची जनुकं वाचली तेव्हा कळलं, या वंशात आयसोनियाझिड हरलं होतं १९५० च्या दशकातच, रिफॅम्पिसिन १९८० च्या दशकात. म्हणजे एकेक औषध येत गेलं आणि हे घराणं एकेक पायरी चढत गेलं, ते ज्यांच्या अंगात राहिलं ती माणसं तेवढी बदलत राहिली. रिफॅम्पिसिनला चुकवणारा बदल खरं तर जंतूला थोडा अशक्त करतो, पण नंतर शेजारच्या जनुकात दुसरा बदल होऊन ती कसर भरून निघते, आणि मग तो दणकट जंतू खोकल्यातून थेट दुसऱ्याच्या फुफ्फुसात जातो, त्या दुसऱ्याचा काय दोष सांगा?

आपल्याकडेही घराणी वेगवेगळी आहेत, दक्षिणेत एक जास्त, उत्तरेत दुसरं, आणि मुंबईच्या एमडीआर, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्ही लागू न पडणाऱ्या, पेशंटमध्ये बीजिंग नावाचं घराणं ठळकपणे दिसतं. मुंबईची लोकल, चाळी, कोंदट खोल्या तुम्हाला सांगायला नकोत.

तेव्हा दोन आठवड्यांवर खोकला गेला तर सरकारी केंद्रात थुंकी द्या, सीबीनॅट टेस्ट फुकट होते आणि मशीन दोनेक तासांत सांगतं रिफॅम्पिसिन चालेल का. आयसोनियाझिडचं मात्र त्या टेस्टमध्ये कळत नाही, त्याला लाइन प्रोब नावाची वेगळी टेस्ट असते, ती झाली का हे डॉक्टरांना नक्की विचारा. आणि घरात एकाचा एमडीआर निघाला तर पोराबाळांसकट सगळ्यांना तपासून घ्या, त्याच आठवड्यात.